क्रिएटिनीन ठळक अक्षरांत छापून आलं की

लॅबचा कागद हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचं काम ज्यावरून जोखतात तो रक्तातला आकडा, १.४, शेजारी वर जाणारा बाण. मग घरात सल्ल्यांना ऊत येतो. एक जण म्हणतो डाळ बंद करा, दुसरा म्हणतो दिवसाला चार लिटर पाणी प्या, तिसरा कुणाकडून तरी काढा आणून देतो. याउलट १.२ आलं आणि ठळक छापलं नाही, तर तो कागद घडी घालून कपाटात जातो. या दोन्हींत मला दुसरी चूक जास्त महागाची वाटते.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या सिडकोतला २८ वर्षांचा, जिमला जाणारा मुलगा आणि पंचवटीतल्या ६८ वर्षांच्या आजी. दोघांचं क्रिएटिनीन १.२. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते त्याचा अंदाज, मुलाचा ८४ येतो आणि आजींचा ४९. मुलाचं बहुधा ठीक चाललंय. आजींची गाळण्याची ताकद मात्र निम्म्यावर आलेली आहे. ज्या लॅबच्या कागदावर स्त्री-पुरुषांसाठी एकच रेंज असते, तिथे आजींचा आकडा साध्या अक्षरांत छापून येतो आणि कुणी विचारतही नाही.

याचं कारण क्रिएटिनीन येतं कुठून त्यात आहे. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा साठा असतो. त्यातला दीड-दोन टक्के भाग रोज आपोआप मोडतो आणि क्रिएटिनीन होऊन रक्तात उतरतो. किडनी ते गाळून लघवीवाटे टाकते. म्हणजे रक्तातला आकडा आवक आणि जावक, दोन्हींवर ठरतो. स्नायू भरपूर तर आवक जास्त. म्हातारपण, आजारपण, उपासमार यांनी स्नायू झडले की आवक कमी, आणि मग किडनी थकलेली असूनही आकडा शहाण्यासारखा वागतो. पुरुषांत साधारण ०.७ ते १.३ आणि स्त्रियांत ०.६ ते १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही रेंज धरतात. गरोदरपणात तो आणखी खाली जातो, म्हणून गरोदर बाईचं ०.९ सुद्धा डॉक्टरांना दाखवायचं. आखातातून आलेल्या माणसाच्या कागदावर ११० वगैरे दिसलं तर दचकू नका, तिथे एकक वेगळं असतं. ८८.४ ने भागा, की आपलं नेहमीचं क्रिएटिनीन मिळतं.

आता या आकड्याचा दुसरा खट्याळपणा. तो सरळ रेषेत चढत नाही. ५५ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनीन ०.९ असताना ईजीएफआर १०० च्या आसपास असतो. १.८ झालं की तो ४४ वर येतो. क्रिएटिनीन वाढलं अवघं ०.९, पण निम्म्याहून जास्त ताकद गेली. पुढे तेच क्रिएटिनीन ४ वरून ५ वर गेलं, घरात रडारड झाली, तर ईजीएफआर १७ चा १३ झालेला असतो. मोठी घसरण आधीच, कुणाला न कळता होऊन गेलेली असते. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. तीन वर्षांपूर्वी ०.७ होतं आणि आज १.१ आहे, तर दोन्ही कागदांवर काहीही ठळक नसताना ही बातमी आहे. मधुमेह किंवा बीपी असलेल्या माणसाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर तारीख आणि क्रिएटिनीन अशी एक साधी यादी लिहून ठेवली, तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

तपासणीआधी काय बघायचं

वाढलेला पहिला आकडा खरा आहे का, हे आधी ठरवायचं. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल तर शिजलेल्या मांसातलं क्रिएटिनीन रक्तात येतं आणि सकाळचा आकडा तेवढ्यापुरता चढतो. जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेणाऱ्यांचंही तसंच. काही औषधं किडनीला धक्का न लावता फक्त क्रिएटिनीनची बाहेर जायची वाट अडवतात. कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकमधलं ट्रायमेथोप्रिम त्यांतलं नेहमी भेटणारं, एचआयव्हीवरचं डोलुटेग्रॅव्हिर हे दुसरं. ट्रायग्लिसराइडसाठी दिलेल्या फेनोफायब्रेटनेही आकडा चढतो. शिवाय बऱ्याच लॅबमध्ये अजून जाफे पद्धत चालते. त्यात पिक्रिक अ‍ॅसिडशी होणाऱ्या नारिंगी रंगावरून क्रिएटिनीन मोजतात, आणि रक्तात कीटोन वाढलेले असले तर तेही त्याच रंगात भर घालतात. साखर फार वाढून दाखल झालेल्या रुग्णाचं पहिलं क्रिएटिनीन म्हणूनच जपून वाचावं लागतं. एन्झायमॅटिक पद्धत याबाबतीत जास्त भरवशाची. कागदावर पद्धतीचं नाव बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते बघा, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये जा. दोन लॅबमधला ०.१ चा फरक हा आजार नव्हे.

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी मांसाहार नाही, जड व्यायाम नाही, पाणी नेहमीइतकंच. सोबत पोटॅशियम आणि लघवीची एसीआर तपासणी करून घ्या. एसीआर म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनीनशी प्रमाण. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना सगळ्यात चांगला. ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. क्रिएटिनीन अजून जागचं हललं नसताना मधुमेही माणसाची किडनी बिघडायला लागलीय हे बहुतेक वेळा ही लघवीच आधी सांगते. तरीही रक्त दरवर्षी तपासणारी माणसं लघवीची बाटली न भरताच घरी येतात. हे मला कधी समजलेलं नाही.

पोटॅशियमची एक खोच आहे. तालुक्याच्या गावात सकाळी घेतलेलं रक्त तसंच गाडीत ठेवून दुपारी नाशिकच्या लॅबमध्ये पोचलं, तर तोवर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटा चढतो. सुई टोचताना मूठ पुन्हा पुन्हा वळली किंवा नमुन्यात रक्तपेशी फुटल्या तरी तेच होतं. एकदम ६ आलं आणि माणूस ठणठणीत दिसत असला, तरी "लॅबची चूक असेल" म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी ईसीजी काढायचा आणि ताज्या रक्तावर पुन्हा मोजायचं.

सोनोग्राफीच्या कागदावर दोन गोष्टी वाचा. एक, किडनीची लांबी. मोठ्या माणसात साधारण ९ ते ११ सेंटिमीटर असते. दोन्ही किडन्या ८ च्या खाली आणि आतले थर वेगळे ओळखू येत नाहीत असं लिहिलं असेल, तर दुखणं जुनं आहे. दोन, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरली. साठीपुढच्या पुरुषात प्रोस्टेटमुळे २००-३०० मिलिलिटर तुंबून राहत असेल, तर किडनीवर उलटा दाब येतो आणि क्रिएटिनीन चढतं. हे ऐकायला बरं वाटणारं कारण आहे, कारण अडथळा वेळेत काढला की आकडा बऱ्याचदा खाली येतो. खड्यामुळे दोन्ही बाजू अडल्या असतील तरी तसंच. फक्त तो अडथळा महिनोन्महिने तसाच ठेवायचा नाही.

किती दिवसांत वाढलं, हा खरा प्रश्न

४८ तासांत ०.३ ने वाढ, किंवा आठवड्याभरात दीडपट, म्हणजे किडनीला अचानक बसलेला फटका. त्या दिवशीच दवाखाना. तीन महिन्यांहून जास्त काळ ईजीएफआर ६० च्या खाली, किंवा तितकाच काळ लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे जुनाट आजार. अचानक बसलेला फटका भरून येऊ शकतो. जुनाट झालेलं सहसा मागे फिरत नाही, पण त्याचा वेग कमी करता येतो, आणि तेही खूप कमी करता येतो.

अचानक फटका बसण्याचा आपल्याकडचा ठरलेला मोसम म्हणजे एप्रिल-मे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत खरड छाटणी चालू असते, ऊन चाळिशीला टेकलेलं, अंगातलं पाणी घामावाटे निघून गेलेलं. संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅकची गोळी. माणूस बीपीचा असेल तर टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालूच. काय होतं ते ठिबकवाल्याला लगेच कळेल. किडनीच्या प्रत्येक गाळणीला एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी बारीक नळी असते. घामाने आणि लघवीच्या गोळीने टाकीतलं पाणी कमी झालं. अशा वेळी शरीर प्रोस्टाग्लँडिन सोडून आत येणारा व्हॉल्व्ह उघडा ठेवतं, दुखण्याची गोळी नेमकं तेच बंद पाडते. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह आवळून दाब टिकवायचा दुसरा उपाय होता, तर टेल्मिसार्टनने तो सैल केलेला. गाळणीत दाबच उरत नाही. तीन औषधांतलं कुठलंही एकटं एवढं नुकसान करत नाही, तिघं मिळून दोन-तीन दिवसांत करतात.

म्हणून उलट्या, जुलाब किंवा ताप येऊन खाणंपिणं तुटलं, तर टेल्मिसार्टन-रॅमिप्रिलच्या जातीची गोळी, लघवीची गोळी, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या तेवढे दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना आधीच, बरे असताना विचारून प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्यावं. खाणं सुरू झालं की दोन दिवसांत पुन्हा चालू. अंगदुखीला पॅरासिटामॉल.

याची उलटी बाजूही सांगतो, कारण तिथेही घोटाळा होतो. टेल्मिसार्टन नव्याने सुरू केल्यावर दोन-चार आठवड्यांत क्रिएटिनीन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ, म्हणजे १.५ चं १.९, अपेक्षित आहे. गाळणीतला जादा दाब उतरल्याची ती खूण आहे, आणि पुढच्या वर्षांत याच गोळीने किडनी टिकते. डापाग्लिफ्लोझिनचंही तसंच, सुरुवातीला ईजीएफआर जरा घसरतो, मग सपाट चालतो. २०२० साली आलेल्या डापा-सीकेडी या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही त्याचा फायदा दिसला. "गोळीने क्रिएटिनीन वाढलं" म्हणून घरच्या घरी ती बंद करणारे लोक किडनीचं संरक्षणच काढून घेतात. ३० टक्क्यांहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम ५.५ च्या पुढे गेलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे.

धोका नेमका कशाचा

क्रिएटिनीन स्वतः फारसं विष नाही. घरातली माणसं त्याच्यामागे लागतात, पण ते फक्त मीटर आहे. किडनी मागे पडली की तिच्यासोबत जी इतर कामं अडतात, त्यांनी माणूस जातो.

सगळ्यात तातडीचं पोटॅशियम. ६.५ च्या पुढे हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. फार तर पाय गळाल्यासारखे वाटतात. दुसरं पाणी. आधी पायावर सूज, मग रात्री आडवं झालं की धाप, उशा वाढवाव्या लागणं, शेवटी बसून रात्र काढणं. तिसरं, किडनीतून निघणारं एरिथ्रोपोएटिन, म्हणजे रक्तपेशी बनवायला लावणारं संप्रेरक, कमी पडल्याने हिमोग्लोबिन घसरतं. आठ-नऊवर आलं की जिना चढताना दम लागतो, आणि घरचे बीट आणि खजूर देत राहतात. खजुरात पोटॅशियम किती असतं ते पुढे सांगतोच. फॉस्फरस साचून आणि व्हिटॅमिन डीचं काम थांबून हाडं कमकुवत होतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं. आणि या सगळ्याच्या जोडीला हृदय. जुनाट किडनीविकाराचे बहुतेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधी हृदयविकार त्यांना गाठतो. म्हणून क्रिएटिनीन वाढलेल्या माणसाच्या यादीत बीपी १३०/८० च्या आत, कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन गोळी चालू आणि तंबाखू बंद हे डाळीच्या वाटीच्या कितीतरी आधी यायला हवं.

एक धोका डॉक्टरच्या खोलीतही विसरला जातो. किडनीवाटे जाणारी औषधं साचतात. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन बंद. साखरेची गोळी ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतात, त्यामुळे "माझी शुगर आपोआप सुधारली" असं म्हणणाऱ्या जुन्या मधुमेह्याची किडनी आधी तपासावी. हातापायांना येणाऱ्या मुंग्यांसाठी दिलेलं प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन नेहमीच्याच डोसात चालू राहिलं तर माणूस झोपाळतो, बरळतो, तोल जाऊन पडतो, आणि वय झालं म्हणून सोडून दिलं जातं. कुठल्याही नव्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा: माझा ईजीएफआर इतका आहे.

मळमळ, तोंडाला धातूची चव, थांबत नाही अशी उचकी, अंगभर खाज, रात्री झोप नाही आणि दिवसा पेंग, ही लक्षणं बहुधा ईजीएफआर १५ च्या खाली दिसतात. त्याआधी किडनी गप्प असते. लघवी भरपूर होते म्हणजे किडनी चांगली, हा समज सोडून द्या. पाणी बाहेर टाकणं आणि कचरा बाहेर टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत.

ताटात काय

आधी मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, आणि यात सगळं आलं. चौघांच्या घरात एक किलोचं पाकीट ५० दिवस पुरलं पाहिजे. महिन्यात संपत असेल तर लोणचं, पापड, फरसाण न धरताच प्रत्येकाच्या पोटात आठ ग्रॅमच्या वर जातंय. नाशिककराला मिसळ सोडा म्हणणं व्यर्थ आहे, पण मीठ कुठे असतं ते तरी कळू द्या: तर्रीत, फरसाणात, पावात आणि वरच्या पापडात, चारही ठिकाणी. मटकी बिचारी बदनाम होते. बीपीवाल्यांसाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ मात्र किडनीवाल्याने घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि चव तशीच लागते म्हणून कुणाला संशय येत नाही.

पोटॅशियमचं पथ्य सरसकट नसतं. रक्तातलं पोटॅशियम ५ च्या आत असेल तर फळं बंद करायचं कारण नाही. वाढलं असेल तेव्हा प्रमाण बघायचं. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १९० मिलिग्रॅम, आणि त्याच द्राक्षांचे बेदाणे झाले की १०० ग्रॅमला ७५० च्या आसपास, कारण पाणी उडालं आणि बाकी सगळं तिथेच राहिलं. खजूर त्याच पंक्तीतला. एका मोठ्या शहाळ्याचं पाणी ५०० च्या पुढे जातं, "किडनी धुऊन निघते" म्हणून तेच दिलं जातं हे वाईट. बटाटा, रताळं सालं काढून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून टाकलं की बरंचसं पोटॅशियम त्यासोबत जातं. नुसतं भिजवून तेवढं निघत नाही. आणि कमरख, ते तारेसारखं आंबट फळ, क्रिएटिनीन वाढलेल्या माणसाने एक फोडसुद्धा खाऊ नये. त्यातलं चेताविष किडनी बाहेर टाकू शकत नाही, उचकीपासून झटक्यांपर्यंत काहीही होतं.

डाळीचं बघू. डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. दोन वाट्या वरण १३-१४, चार भाकऱ्या-पोळ्या १६-१८, पेलाभर दूध ६-७, वाटीभर दही ३-४, भाजीभातातून थोडं. बेरीज करा, आपलं साधं घरगुती शाकाहारी जेवण तिथेच येऊन थांबतं. कमी करायचा असतो तो प्रोटीन पावडरचा डबा आणि रोजचं मटण. वरण बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत होतं ते असं: दंड बारीक होतात, पँट ढिली होते, आणि क्रिएटिनीन २.४ चं २.१ येतं. घरात पेढे वाटले जातात. कमी झाले ते स्नायू, किडनी होती तिथेच किंवा आणखी खाली. काढ्याने आणि "पंधरा दिवसांत क्रिएटिनीन उतरवतो" म्हणणाऱ्यांच्या उपवासाने उतरलेले आकडे बऱ्याचदा असेच असतात. आकडा उतरला असं कळलं की आधी वजन करा, मग लघवीतलं अल्ब्युमिन आणि जमलं तर सिस्टॅटिन सी ही तपासणी करा. तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. काड्यामोड्यांच्या भुकटीत किंवा भस्मात शिसं-पारा असला तर नुकसान वेगळंच, आणि पुडीवर नाव नसलेलं औषध तपासायलाही कुणाला देता येत नाही.

पाण्याचा हिशेब लघवीवर. सूज नसेल तर तहान लागेल तसं. लघवी कमी झाली असेल तर काल जेवढी झाली त्यात ५०० मिलिलिटर मिळवून तेवढंच, त्यात चहा, ताक आणि पातळ आमटीसुद्धा आली.

ईजीएफआर ३० च्या खाली गेला की नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरकडे, नियमित जायचं. हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्यायची, पुढे ती तितकी चांगली लागू पडत नाही. डायलिसिस क्रिएटिनीन अमुक झालं म्हणून सुरू होत नाही. लक्षणं, पाणी, पोटॅशियम बघून होतं, आणि आकड्यावरून घाईने सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही हे २०१० च्या आयडियल चाचणीत दिसलं आहे. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटायचं. रात्री-बेरात्री डायलिसिस कुठे मिळतं, ते दिवसा फोन करून विचारून ठेवायचं.

आणि हात जपायचा. पुढे फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायची शस्त्रक्रिया, करायचा झाला तर मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा धडधाकट लागतात, आणि फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा हात त्यासाठी राखून ठेवतात. त्या हातात सलाइन नाही, सुई नाही. घरी रक्त घ्यायला आलेला मुलगा डावी बाही वर करायला लागला, की त्याला उजवा हात पुढे करून म्हणायचं, "याच हाताचं घे, आणि तळहाताच्या मागच्या शिरेतून."